रविवारची ड्युटी आणि प्रभूचा दिवस

पत्राचा सारांश : पुण्यातील एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स असलेल्या छत्तीस वर्षांच्या भगिनीचे हे पत्र आहे. त्यांचे माहेर आणि सासर दोन्ही अहिल्यानगर जिल्ह्यातील जुन्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमधले. मॉर्निंग, इव्हनिंग आणि नाइट अशी फिरती ड्युटी असल्यामुळे महिन्यातील दोन, कधी तीन रविवार कामावर जातात आणि वीकली ऑफ मंगळवारी किंवा बुधवारी पडतो. ‘सून प्रभूचा दिवस मोडते, म्हणून घराला बरकत नाही,’ असे सोबत राहणाऱ्या सासूबाई उघडपणे बोलून दाखवतात. मध्यंतरी नाइट संपवून ही भगिनी थेट उपासनेला गेली, प्रवचनात तिचा डोळा लागला आणि ही गोष्ट मागच्या बाकावरून घरापर्यंत पोहोचली. एका क्लिनिकमध्ये रविवारी सुट्टी असलेली नोकरी मिळते आहे, पण पगार जवळजवळ निम्मा आणि घराचे हप्ते चालू आहेत. ‘ही नोकरी सोडू, की दर रविवारी सुट्टीच हवी असा अर्ज मेट्रनकडे करू? सुट्टीच्या रविवारीसुद्धा मला विसावा मिळत नाही, हे तर कुणाला सांगताही येत नाही,’ असे त्या लिहितात. शेवटी आणखी एक प्रश्न आहे. मुलीचा शिष्यवृत्तीचा क्लास ऐन संडे स्कूलच्या वेळी भरणार आहे. आपणच उपासना चुकवत असताना तिला कोणत्या तोंडाने अडवायचे?

प्रिय भगिनी,

जय ख्रिस्त. सुट्टीच्या रविवारी विसावा मिळत नाही, हे वाक्य तुम्ही पत्रात ओझरते लिहून पुढे गेला आहात, पण मला तिथेच थांबावेसे वाटले. त्या रविवारचे वर्णनही तुम्ही केले आहे. सकाळी सहाला मटणाचे वाटण, कणीक मळून ठेवणे, मुलीच्या वेण्या, सगळ्यांच्या कपड्यांना इस्त्री, नऊची उपासना, तिथेच महिला मंडळाची सभा, दुपारी दीर-जाऊ मुलांसह जेवायला, चार वाजता भांडी आणि मग आठवड्याचे युनिफॉर्म भिजत घालणे. या रविवारी प्रभूचा दिवस मोडला असे तुमच्या घरात कुणी म्हणत नाही; तुम्ही वॉर्डात एखाद्या रुग्णाचे सलाइन बदलत असता, तेव्हा मात्र तो मोडतो. हा हिशेब कुठे चुकतो ते आधी पाहू, म्हणजे नोकरीचा प्रश्न आपोआप त्याच्या आकाराएवढाच दिसेल.

विसाव्याच्या दिवसाची आज्ञा पवित्र शास्त्रात दोन ठिकाणी सविस्तर येते. निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात तिचे कारण सृष्टीच्या निर्मितीशी जोडलेले आहे आणि लहानपणी संडे स्कूलमध्ये आपण पाठ करतो ती हीच. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात मात्र वेगळे कारण दिले आहे. तुम्ही मिसर देशात दास होता आणि देवाने तुम्हाला तिथून बाहेर काढले, म्हणून हा दिवस पाळायचा. दोन्हीकडे त्या दिवशी काम न करणाऱ्यांची यादी आहे. तिच्यात मुलगा आहे, मुलगी आहे, दास आहे, दासी आहे, गुरेढोरे आहेत आणि वेशीच्या आत राहणारा परकाही आहे. अनुवाद तर पुढे जाऊन, दासदासींनाही तुमच्यासारखाच विसावा मिळावा म्हणून, असे स्पष्टच सांगतो. आपल्या घरांत या आज्ञेचा पहिला भाग मोठ्याने वाचला जातो आणि ही यादी पुटपुटत संपवली जाते, असे माझे जुने मत आहे. तुमच्या घरात चार माणसे दिवस पाळतात आणि तो त्यांना पाळता यावा म्हणून पाचवे माणूस राबते. त्या पाचव्याला आज्ञा मोडल्याचा दोष देण्याआधी, आज्ञेतील यादी कुणाला उद्देशून आहे हे घरातील प्रत्येकाने पाहायला हवे.

तुमच्या पत्रामागे दुसरेही एक गृहीत आहे. उपासना आणि विश्रांती ही एकच गोष्ट आहे आणि ती एकाच दिवशी, एकत्रच मिळायला हवी, असे तुम्ही धरून चालला आहात. ज्यांच्यापासून आपल्याला रविवार मिळाला, त्या पहिल्या ख्रिस्ती लोकांची स्थिती अशी नव्हती. रोमन साम्राज्यात रविवार हा कामाचाच दिवस होता. सुमारे इ. स. 112मध्ये बिथुनिया या रोमन प्रांताचा अधिकारी धाकटा प्लिनी याने सम्राट ट्रेजनला लिहिलेले पत्र आजही उपलब्ध आहे. ख्रिस्ती लोक एका ठरलेल्या दिवशी पहाट होण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात, मग पांगतात आणि नंतर पुन्हा एकत्र येऊन जेवतात, अशी माहिती त्याला चौकशीत मिळाली होती. पांगल्यानंतर त्यांतील बहुतेक जण आपापल्या कामाला लागत असणार, हे उघड आहे. त्याच पत्रात, ज्यांचा छळ करून प्लिनीने माहिती काढली, त्या दोन दासींचा उल्लेख आहे आणि मंडळीत त्यांना सेविका म्हणत, असेही तो लिहितो. ज्यांच्या वेळेवर स्वतःची सत्ता नव्हती अशा बायका त्या मंडळीत सेवा करत होत्या! रविवारी न्यायालये आणि कारागिरांची कामे बंद ठेवण्याचा कायदा सम्राट कॉन्स्टंटाइनने केला तो 321 साली, आणि त्यातही शेतकऱ्यांना कामाची मुभा ठेवली होती, कारण पेरणीची किंवा द्राक्षलागवडीची योग्य वेळ टळली तर पीक हातचे जाईल. म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षे मंडळीकडे प्रभूचा दिवस होता, सुट्टीचा दिवस नव्हता.

यावरून विसावा ऐच्छिक आहे असा निष्कर्ष मात्र काढू नका. माझ्या मते उपासनेपेक्षा तुमचा विसावाच अधिक धोक्यात आहे. निर्गमाच्या चौतिसाव्या अध्यायात एक छोटेसे वचन आहे, जे शेतकरी घरातून आलेल्या माणसाला लगेच भिडावे. नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांतही सातव्या दिवशी विसावा घे, असे ते सांगते. ऐन सुगीत, पावसाचा भरवसा नसताना! सगळी कामे उरकली की मग बसेन, असे आपण म्हणतो आणि ती कधीच उरकत नाहीत. शास्त्राला हे ठाऊक आहे, म्हणूनच विसावा काम संपण्यावर अवलंबून ठेवलेला नाही. तुमचा बुधवारचा ऑफ बँक, रेशन, धुणे आणि मुलीच्या शाळेतील चकरा यांत जातो. रविवारी तुम्ही रुग्णालयात असता आणि बुधवारी घराच्या ड्युटीवर. असा आठवडा शरीराला फार काळ पेलत नाही, हे मी एका नर्सला सांगावे असे काही नाही.

आता रविवारी रुग्णसेवा करण्याबद्दल. शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या, दिवशी मंदिरात याजक काम करतात आणि तरीही निर्दोष असतात, ही आठवण प्रभू येशूने मत्तयाच्या बाराव्या अध्यायात परूशी या कर्मठ यहुद्यांना करून दिली आहे. आजही तेच चालते. रविवारी सर्वांत जास्त काम पाळकसाहेब करतात आणि त्यांना कुणी दिवस मोडल्याचा बोल लावत नाही. लूकच्या तेराव्या अध्यायात अठरा वर्षे कंबरेत वाकलेल्या स्त्रीला येशूने शब्बाथाच्याच दिवशी बरे केले, तेव्हा सभास्थानाचा अधिकारी लोकांवर रागावला की बरे व्हायला सहा दिवस आहेत, तेव्हा या. प्रत्येक जण शब्बाथ दिवशी आपला बैल सोडून पाण्यावर नेतो की नाही, असे येशूने त्याला विचारले. रुग्णाला पाणी पाजणे, कूस बदलून देणे, वेळेवर औषध देणे ही कामे याच जातीची आहेत. आपल्याकडे मिशनच्या रुग्णालयांनीही हेच धरले होते. डॉ. वॉनलेस यांनी 1894 साली मिरजेत सुरू केलेल्या रुग्णालयाचे वॉर्ड रविवारी रिकामे होत नसत, आणि अशा रुग्णालयांत शिकायला आपल्याच मंडळ्यांनी आपल्या मुली मोठ्या अभिमानाने पाठवल्या. एक सावधगिरी मात्र हवी. रविवारचा ऑफ विकून जादा पैशांसाठी केलेली डबल ड्युटी आणि रुग्णालयाच्या यादीत आलेली ड्युटी यांत फरक आहे. तुमच्या पत्रात तसे काही दिसत नाही, पण ज्या वाचकांकडे असेल त्यांनी दयेच्या कामाची ढाल पुढे करू नये.

नोकरीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: केवळ रविवारसाठी ती सोडू नका. पगार निम्मा झाला आणि हप्ते तेच राहिले, तर कमी पडणारे पैसे कुठून तरी उभे करावे लागतील, आणि बहुतेक वेळा ते संध्याकाळी घरी जाऊन इंजेक्शने देण्यासारख्या जादा कामांतून येतात. म्हणजे रविवार मिळेल आणि उरलेले सहा दिवस जातील. नाइट ड्युटी झेपेनाशी झाली असेल, रक्तदाब किंवा झोप बिघडली असेल, तर क्लिनिकचा विचार जरूर करा, पण तो त्याच कारणाने करा. आजारपणामुळे घेतलेल्या निर्णयाला धार्मिकतेचे नाव दिले की पुढे तो बदलणेही जड जाते.

दर रविवारी सुट्टी मागण्याचा अर्ज करा, असेही मी सांगणार नाही. इनचार्ज सिस्टर ज्या कागदावर महिन्याची यादी मांडतात, त्यात एका ओळीत चार रविवार कोरे ठेवले की दुसऱ्या कुणाच्या तरी ओळीत ते भरावे लागतात. त्या दुसरीचीही मुले रविवारीच घरी असतात. आपला विसावा तिच्या माथी मारून मिळवलेला दिवस आज्ञेच्या त्या यादीशी कसा जुळवायचा, हा प्रश्न उरतोच. त्याऐवजी यादी लागण्यापूर्वी, लागल्यानंतर नव्हे, इनचार्जना भेटा आणि महिन्याचा पहिला रविवार नेमाने मोकळा ठेवता येईल का एवढेच विचारा. आपल्या अनेक मंडळ्यांमध्ये पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, असते. तुमच्या मंडळीत दुसरा रविवार असेल तर तो मागा. बदल्यात काय देणार तेही त्याच वेळी सांगा. लक्ष्मीपूजनाची, ईदची, गणपती विसर्जनाची ड्युटी मी घेईन, असे आधीच म्हणणाऱ्या नर्सला उत्तम शुक्रवार आणि नाताळ मागताना संकोच वाटत नाही. रुग्णालयांत ही देवाणघेवाण पूर्वापार चालते. ती ऐन वेळी फोनवर गयावया करण्याऐवजी महिन्याच्या सुरुवातीला कागदावर आणायची, एवढेच करायचे आहे.

राहिला तुमचा स्वतःचा ऑफ. शास्त्रातील दिवस संध्याकाळी सुरू होतो. तुमच्यासारख्या फिरत्या पाळीत काम करणाऱ्यांना ही जुनी गणना फार सोयीची आहे. ऑफच्या आदल्या संध्याकाळी ड्युटीवरून आलात की तिथून दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या जेवणापर्यंतचा वेळ विसाव्याचा ठरवा. धुणे, बँक आणि रेशन दुपारनंतर. नाइट करून ऑफ लागला असेल तर आधी पोटभर झोपा, वचन आणि प्रार्थना त्यानंतर. झोपेला अध्यात्मात न मोजण्याची सवय आपल्याला लागली आहे, पण झुडपाखाली थकून पडलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. आधी झोपू दिले, मग भाकर आणि पाणी दिले, आणि पुन्हा झोपू दिले.

हा साप्ताहिक ऑफ कुणाची मेहेरबानी नाही, हेही लक्षात असू द्या. मुंबईच्या गिरण्यांमधील कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884मध्ये संघटना उभी करून वर्षानुवर्षे मागणी लावून धरली, तेव्हा 1890च्या जूनमध्ये गिरणीमालकांनी ती मान्य केली. लोखंडे जोतिराव फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेतले. मराठी कामगाराला रविवार चर्चने मिळवून दिला नाही, हे आपण ख्रिस्ती लोकांनी थोडे खजील होऊन ध्यानात ठेवावे. आजचा महाराष्ट्राचा 2017चा दुकाने व आस्थापना कायदाही आठवड्यातून सलग चोवीस तासांची विश्रांती सांगतो. ती रविवारीच असावी असे बंधन त्यात नाही. तेव्हा ऑफच्या दिवशी ‘जरा येऊन जा’ असा वॉर्डातून फोन आला, तर दर वेळी हो म्हणायची गरज नाही.

ज्या रविवारी उपासना चुकते, त्या आठवड्यात मंडळीशी भेट कशी होईल हे पाळकांशी बोलून ठरवावे लागेल. मोबाइलवरची उपासना टाळेबंदीत उपयोगी पडली आणि नाइटच्या आठवड्यात आजही पडते, पण एकत्र मिळणे सोडू नका असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे, ते पडद्यापुढे बसून पुरते होत नाही. बुधवारची किंवा शुक्रवारची घरगुती प्रार्थनासभा तुमच्या ऑफशी जुळत असेल तर तीच तुमची मंडळी समजा. जुळत नसेल तर महिन्यातून एकदा ती तुमच्या घरी ठेवण्याची विनंती करा, चहा-बिस्किटांवर. प्रभुभोजन लागोपाठ चुकले तर आजाऱ्यांना घरी देतात तसे ते मला देता येईल का, हे विचारायला लाजू नका. यापुढचे मी तुमच्या पाळकांना आणि मंडळीच्या कमिटीला उद्देशून लिहितो आहे. शहरातील मंडळीत नर्स आहेत, सुरक्षारक्षक आहेत, रिक्षा आणि कॅब चालवणारे आहेत, मॉलमध्ये उभे राहणारी तरुण मुले आहेत. नऊची उपासना त्यांच्यासाठी कायमची बंद दार ठरते. महिन्यातून एक-दोन रविवारी संध्याकाळी सातची छोटी उपासना ठेवली तर किती जण येतात, ते पाहायला काय हरकत आहे? कॅथोलिक चर्चने तर 1983च्या धर्मसंहितेत शनिवारी संध्याकाळचा मिस्सा, म्हणजे त्यांची मुख्य उपासना, रविवारच्या कर्तव्यासाठी ग्राह्य धरला आहे, त्यामुळे वसईच्या किंवा मुंबईच्या कॅथोलिक वाचक भगिनींना ही वाट आधीच मोकळी आहे. आणि याच पुण्यात सेवंथ डे ॲडव्हेंटिस्ट बंधुभगिनी रविवारऐवजी शनिवार पाळतात. कोण दिवस कसा मानतो यावरून एकमेकांना दोषी ठरवू नका, असे प्रेषित पौलाने रोमकरांस सांगितले, ते आपल्या सोयीसाठी नव्हे तर शांतीसाठी.

सासूबाईंबद्दल लिहिताना मी जरा हात राखून लिहितो आहे, कारण त्यांचे म्हणणे सगळेच चुकीचे नाही. ज्या गावात त्या वाढल्या, तिथे घंटा झाली की अख्खी ख्रिस्ती वस्ती देवळाकडे निघत असेल; दिवस सगळ्यांचा असे, त्यामुळे तो पाळायला कुणाला वेगळे बळ लागत नसे. कोकणातील बेने इस्राएल हे यहुदी लोक शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. पण घाणा त्यांचा होता आणि तो बंद ठेवण्याचा निर्णयही त्यांचाच. तुमच्या रुग्णालयाचा घाणा तुमच्या हाती नाही, हे सासूबाईंना समजावता येईल. त्यांची खरी भीती बहुधा वेगळी आहे: शहरात आल्यावर नातीच्या पिढीत हे सगळे सुटून जाईल. तेव्हा वर लिहिलेली वचने त्यांच्या तोंडावर फेकू नका. ऑफच्या सकाळी त्यांच्याजवळ बसा, त्यांनाच शास्त्र वाचायला सांगा, प्रार्थना करायला सांगा. आपल्या सुनेच्या विसाव्याच्या दिवशी आपण वाचन केले, हे त्यांच्या हातून घडले की बुधवारही त्यांना प्रभूचा वाटू लागण्याची शक्यता बरीच आहे.

रविवारच्या स्वयंपाकाचे बोलणे मात्र तुम्ही करू नका, ते तुमच्या पतींनी करायचे आहे. सुट्टी त्यांनाही असते आणि पाहुणे त्यांचे भाऊ-भावजय आहेत. मटण शनिवारी रात्री करून ठेवता येते आणि दुसऱ्या दिवशी ते अधिकच मुरते. ज्या रविवारी ते जमणार नाही, त्या रविवारी पिठले-भात होईल आणि भांडी दीर घासतील. रानात देवाने दिलेले अन्न, म्हणजे मान्ना, गोळा करणाऱ्या इस्राएलांना सहाव्या दिवशी दुप्पट मिळत असे, कारण सातव्या दिवशी कुणीच बाहेर पडायचे नव्हते. युनिफॉर्म धुण्याचे यंत्र पतींनाही चालवता येते. महिला मंडळाच्या सभेला महिन्यातून एकदाच येईन असे सेक्रेटरींना कळवून टाका. सभा तुमच्यावाचून थांबणार नाही.

प्रवचनात डोळा लागला, त्याचे फार मनाला लावून घेऊ नका. त्रोवस येथे आठवड्याच्या पहिल्या दिवशी पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण गाढ झोपून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. प्रेषितांच्या कृत्यांत ही हकिकत विसाव्या अध्यायात आहे. पौल खाली धावला, त्याला कवटाळले, वर येऊन भाकर मोडली आणि पहाटेपर्यंत पुन्हा बोलत बसला. त्या मुलाला कुणी रागावल्याची नोंद नाही, आणि लांबलेल्या भाषणाबद्दल पौलालाही कुणी काही म्हटलेले दिसत नाही! नाइट करून थेट उपासनेला जाण्यापेक्षा त्या दिवशी घरी झोपा आणि संध्याकाळी घरच्यांसोबत गीत गाऊन प्रार्थना करा.

मुलीच्या क्लासचा प्रश्न तुमच्या ड्युटीपेक्षा वेगळा आहे आणि तिलाही तो फरक समजावून सांगता येईल. वॉर्डातील रुग्ण रविवारी बरे राहून सोमवारी आजारी पडत नाहीत. क्लासची वेळ मात्र माणसांनी ठरवलेली असते आणि बदलता येते. शनिवारची किंवा संध्याकाळची बॅच आहे का, हे क्लास सुरू होण्यापूर्वीच विचारा, कारण गट पक्के झाल्यावर ते बदलून देत नाहीत. रविवारखेरीज दुसरी बॅच नसेल, तर परीक्षेपर्यंतचे महिने मोजून ठरवा आणि संडे स्कूलच्या शिक्षिकांना आधीच सांगून ठेवा. त्या तिचे धडे आणि पाठ करायची वचने लिहून देतील. ती वचने आजीने पाठ करून घ्यावीत.

तुमचा स्नेही,
सल्लागार